शिक्का नको, सुई हवी

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. अम्मीने आणि धाकट्या खालाने उमऱ्याला जायचे ठरवले. अब्बांच्या पश्चात अम्मीने भिशीचे पैसे सहा वर्षे बाजूला ठेवले होते. मुलांकडून एक पैसा घ्यायचा नाही, हा तिचा हट्ट. सोबत माझा धाकटा भाऊ जाणार होता. पासपोर्ट आणि फोटो नालासोपाऱ्यातल्या एका टूरवाल्याकडे दिले. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"भाईजान, तिघांचं लशीचं कार्ड पण करून ठेवतो. माणशी हजार लागतील."

मी विचारले, "टोचायला कुठे यायचं?"

तो हसला. "टोचायला कशाला? कार्ड पाहिजे ना? डॉक्टर आपला ओळखीचा आहे, शिक्का मारून देतो. उगाच म्हाताऱ्या माणसांना त्रास."

हा माणूस लबाड नाही. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी माणसे त्याने मक्का-मदिनेला नेऊन सुखरूप आणली आहेत. विमानतळावर कोणाची बॅग राहिली तर स्वतः धावत जातो. आपण काही वाईट करतो आहोत असे त्याला वाटतही नव्हते. लस म्हणजे व्हिसाच्या फाइलीतला आणखी एक कागद, आणि कागद करून देणे हे त्याचे काम. इतका साधा हिशेब होता.

मी अम्मीला सांगितले तर तिने टूरवाल्याचीच बाजू घेतली. "तो म्हणतोय तर करून टाक बेटा. आणि तिथे जाऊन मरण आलं तर त्यापेक्षा मोठं नशीब कुठलं?"

मराठी मुस्लिम घरांत वाढलेल्या कोणालाही हे वाक्य नवे नाही. आपल्या आजी-आजोबांनी कफन सोबत घेऊन हज केला आहे. तेव्हा बोटीचा प्रवास होता, परत येऊ की नाही याची खात्री नव्हती. मक्केत दफन होण्याची इच्छा ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि मला तिची टिंगल करायची नाही. पण मी अम्मीला एवढेच म्हणालो, "तू नशिबाने तिथे राहिलीस तर ठीक. पण तू परत आलीस, आणि घशात काही घेऊन आलीस, तर पहिली मांडीवर कोण येऊन बसणार आहे?" माझ्या भावाची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

अम्मी गप्प बसली. मग म्हणाली, "कुठे टोचतात ते बघ."

या लेखाचा विषय हाच आहे. कुठे टोचतात?

ही लस आली कुठून

हज आणि उमऱ्यासाठी जी लस घ्यायची असते ती मेनिंजायटिसची. मेनिंगोकॉकस नावाचा जिवाणू माणसाच्या घशात मुक्काम करतो. पुष्कळांना तो काहीच करत नाही, ती माणसे नुसती वाहक असतात. पण एखाद्याच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात तो शिरला की काही तासांत होत्याचे नव्हते होते. वेळेवर उपचार मिळूनही दहातला साधारण एक रुग्ण दगावतो, आणि जे वाचतात त्यांच्यातल्या काहींचे ऐकू येणे जाते, काहींचे हातपाय जातात. तो पसरतो खोकल्यातून, थुंकीतून, एका खोलीत दाटीने झोपण्यातून. तवाफची गर्दी, मिनाचे तंबू आणि एका खोलीत चार-पाच जण, हे सगळे त्याच्या सोयीचेच असते.

१९८७ च्या हजनंतर या रोगाची मोठी साथ आली. त्यानंतर सौदी सरकारने लस सक्तीची केली. ती लस तेव्हा जिवाणूच्या 'ए' आणि 'सी' या प्रकारांसाठी होती. २००० आणि २००१ साली 'डब्ल्यू' हा वेगळाच प्रकार हाजींसोबत अनेक देशांत पोहोचला आणि हजला न गेलेल्या घरच्या माणसांनाही झाला. म्हणून २००२ पासून ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चारही प्रकारांवर चालणारी लस मागितली जाऊ लागली. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, कारण शरीराला तयारीला तेवढा वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या लशीचा दाखला ३ वर्षे आणि नव्या 'कॉन्जुगेट' लशीचा ५ वर्षे चालतो. नव्या लशीचा आणखी एक फायदा असा की ती घशातल्या जिवाणूलाही आळा घालते. म्हणजे स्वतःबरोबर घरच्यांचेही रक्षण होते.

"हे सगळं जुनं झालं" असे कोणी म्हणेल, त्यांच्यासाठी २०२४ चे उदाहरण. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत सौदी प्रवासाशी, मुख्यतः उमऱ्याशी, संबंधित १२ रुग्ण अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये सापडले. अमेरिकेत ५, फ्रान्समध्ये ४, ब्रिटनमध्ये ३. त्यांतले १० जण स्वतः जाऊन आलेले होते आणि २ जण कुठेही गेले नव्हते, ते फक्त जाऊन आलेल्यांच्या निकट होते. १२ पैकी ९ जणांनी लस घेतलेली नव्हती. त्या दोन माणसांचा मला वारंवार विचार येतो. ना त्यांनी काबा पाहिला, ना झमझम प्यायले. त्यांच्या वाट्याला आला तो फक्त आजार.

२०२५ च्या सुरुवातीला उमऱ्याच्या प्रवाशांसाठी ही अट कडक करण्याचे पत्रक सौदीतून विमान कंपन्यांना निघाले आणि काही आठवड्यांत ते मागेही घेतले गेले. आमच्या टूरवाल्याने लगेच सांगितले, "बघा, आता कार्डपण नको." पत्रक मागे घेता येते, जिवाणू मागे घेता येत नाही.

हजची रांग आणि उमऱ्याची रांग

जी व्यवस्था चांगली आहे तिचे नाव आधी घेतले पाहिजे. हज कमिटी ऑफ इंडियामार्फत जे हजला जातात, त्यांच्यासाठी दरवर्षी प्रस्थानाआधी लसीकरणाची शिबिरे होतात. सरकारी आरोग्य खात्याचे डॉक्टर आणि परिचारिका येतात. मेनिंजायटिसची सुई टोचतात, तोंडात पोलिओचे थेंब घालतात, वयस्कर माणसांना फ्लूची लस देतात, आणि आरोग्य पुस्तिकेत नोंद करून सही-शिक्का देतात. साठी-सत्तरीची माणसे लहान मुलांसारखी 'आ' करून पोलिओचे थेंब घेतात, तेव्हा हॉलमध्ये हसू फुटते. एका हाजी साहेबांनी नातवाकडे बघून सांगितले होते, "बघ, मी रडलो नाही."

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. तरी हाजींना थेंब का? कारण जगाच्या काही भागांत तो अजून आहे, आणि हजला सगळे जग एका मैदानात येते.

पण ही व्यवस्था हजची आहे. उमरा वर्षभर चालतो, तो हज कमिटीमार्फत होत नाही, खासगी टूरवाल्यांमार्फत होतो. हजला कोटा आहे, अर्ज आहे, सोडत आहे. उमऱ्याला पासपोर्ट, व्हिसा आणि पैसे असले की झाले. त्यामुळे आमच्या वसई, नालासोपारा, विरारच्या वस्त्यांतून हजला जाणाऱ्या एका माणसामागे उमऱ्याला जाणारी कितीतरी माणसे दिसतात. गर्दी तीच, खोल्या त्याच, जिवाणू तोच. मात्र उमऱ्याच्या माणसाला कोणी शिबिराला बोलावत नाही. त्याच्यासाठी लस म्हणजे बाजारातली वस्तू, मिळाली तर मिळाली.

अम्मीच्या लशीसाठी मी वसई-विरारमध्ये चार ठिकाणी फोन केले. दोघांनी ही लस ठेवत नाही म्हणून सांगितले. एकाने सांगितले, मागवून देतो, पण आगाऊ पैसे भरा आणि आठवडा थांबा. चौथ्याला मी काय विचारतो आहे तेच कळले नाही, त्याने मला कावीळ झाली आहे का असे विचारले. शेवटी अंधेरीला एका खासगी रुग्णालयात तिघांना नेले. लशीचे आणि तपासणीचे मिळून चौदा हजारांच्या वर गेले. वर रिक्षा, लोकल, अम्मीच्या गुडघ्यांमुळे अंधेरीहून परत टॅक्सी. भिशीच्या पैशांतली एक आख्खी भिशी त्यात गेली.

टूरवाला माणशी हजारात कार्ड देत होता. आता सांगा, गुन्हेगार एकटा तो आहे का?

पिवळ्या कार्डाची फेरी

हे फक्त मक्केच्या वाटेवरचे दुखणे नाही. आमच्या इमारतीतला एक मुलगा फॅब्रिकेशनचे काम शिकला. वालीवच्या कारखान्यात काही वर्षे काढल्यावर त्याला नायजेरियात नोकरी मिळाली. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात जायचे तर पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस लागते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच ती टोचतात आणि तिथेच ते आंतरराष्ट्रीय पिवळे कार्ड मिळते. मुंबईत विमानतळाचे आणि बंदराचे आरोग्य कार्यालय, जे. जे. रुग्णालय अशी ती ठिकाणे आहेत. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये चढायला मिळाले तर दीड तास.

हा मुलगा एका केंद्रावर पोहोचला तर त्या दिवसाच्या नोंदी भरल्या होत्या. पुढची तारीख घेऊन परत आला. दुसऱ्या वेळी गेला तेव्हा पासपोर्टची झेरॉक्स आणायची राहिली, ती आणेपर्यंत खिडकी बंद. तिसऱ्या फेरीला काम झाले. तीन दिवसांची रोजी गेली. दुसऱ्या फेरीनंतर त्याला बाहेरच एकाने गाठले होते: "कशाला हेलपाटे मारतोस, कार्ड मिळेल." त्याने घेतले नाही, कारण त्याच्या आईने बजावले होते. सगळ्यांच्या आया बजावत नाहीत.

केंद्रांची बाजूही खरी आहे. या लशीची एक कुपी अनेक जणांची असते. एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. म्हणून नोंदणी, ठरावीक वार आणि ठरावीक संख्या. लस जिवंत विषाणूची आहे, त्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले, साठीच्या पुढचे, या सगळ्यांना विचारपूस करूनच द्यावी लागते. हे काम घाईने करायचे नाही. पण म्हणूनच ते काम घराजवळ आणि माणसांना वेळ देता येईल अशा ठिकाणी व्हायला हवे.

आणि हे कार्ड सरकारी सोपस्कार नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंग्यू पसरवणारा तोच. वसई-विरारच्या पावसाळ्यात त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. रोग भारतात नाही, डास आहे. आजारी माणूस तेवढा यायचा बाकी. म्हणूनच त्या देशांतून दाखल्याशिवाय येणाऱ्याला आपल्या विमानतळावर ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. म्हणजे एकदाच टोचायचे आहे. जन्मभराच्या एका सुईसाठी माणसाला खोट्या कार्डाचा मोह व्हावा, याचा अर्थ त्या सुईपर्यंतचा रस्ता फार लांब आहे.

सोपाऱ्याच्या लोकांना हे सांगावे लागावे?

आपण ज्या गावात राहतो ते सोपारा हे प्राचीन बंदर. अरब प्रवाशांनी त्याची नोंद 'सुबारा' या नावाने केली आहे. इथून माल गेला, माणसे गेली, धर्म गेले आणि आले. प्रवास आणि साथ यांचे नाते अशा किनाऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१८६५ साली हजमध्ये पटकीने हजारो माणसे मेली आणि तो रोग परतणाऱ्यांसोबत युरोपपर्यंत गेला. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथून हिंदुस्थानी हाजी हा जगाच्या नजरेत संशयित ठरला. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर त्याला उतरवायचे, कपडे उकळायचे, दिवसेंदिवस डांबून ठेवायचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून हजला जाणेच बंद केले. लोक चिडले, घाबरले, आजारी माणसे घरात लपवू लागले.

त्याच १८९७ च्या जानेवारीत, १० तारखेला, मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास नव्हता. तेव्हा विशीही न गाठलेले तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शाह, पुढे आले. त्यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. पुढे ती प्रयोगशाळा परळला गेली आणि आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. तिच्यातूनच निघालेल्या हाफकिन महामंडळाने कोट्यवधी पोलिओ डोस बनवले.

हा इतिहास सांगायचा तो एवढ्यासाठी की हाजीला डांबून ठेवण्याचे दिवस लशीने संपवले. सुईच्या आधी बेट होते, बंदी होती, अपमान होता. सुई आल्यावर वाट मोकळी झाली. कोविडच्या काळात आपण तेच पुन्हा पाहिले. २०२० मध्ये हजला बाहेरच्या देशांतून कोणालाच जाता आले नाही, २०२१ मध्ये सौदीतल्याच ६० हजार लस घेतलेल्या लोकांनी हज केला, आणि २०२२ मध्ये लस घेतलेल्यांसाठी बाहेरचे दरवाजे उघडले. याच काळात परदेशी शिक्षण-नोकरीला जाणाऱ्यांसाठी कोविशिल्डचा दुसरा डोस ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनी देण्याची सोय जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने केली आणि दाखल्यावर पासपोर्ट क्रमांक घातला. गरज पटली की सरकारी यंत्रणा काही आठवड्यांत प्रवाशांसाठी वेगळी रांग लावू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले आहे.

खोटा शिक्का आणि खरा उमरा

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. दुसऱ्या वाचकांनी ऐकले तरी हरकत नाही.

उमऱ्याला निघताना आपण नातेवाइकांची माफी मागतो. कोणाचे देणे असेल ते फेडतो. पैसा हलालचा आहे ना, हे तपासतो. इहराम बांधल्यावर डास मारावा का नाही, सुगंधी साबण चालेल का, असे प्रश्न आलिमांना विचारतो. आणि त्याच बॅगेत पासपोर्टच्या आत एक खोटे कार्ड असते, ज्यावर न टोचलेल्या सुईची तारीख आणि बॅच क्रमांक लिहिलेला असतो. साबणाच्या वासाची एवढी काळजी, आणि लिखित खोटेपणाची काहीच नाही?

काही जण तवक्कुलचे नाव घेतात. त्यांनी हजरत उमर यांचा प्रसंग आठवावा. शामच्या वाटेवर सर्ग इथे त्यांना प्लेगची बातमी कळली आणि त्यांनी लष्करासह माघारी फिरायचे ठरवले. नशिबापासून पळता का, असे त्यांना विचारले गेले. पळणेही अल्लाहच्याच नशिबात आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मग त्यांना पैगंबरांची शिकवण सांगण्यात आली: साथीच्या गावात जाऊ नका, आणि आपल्या गावात साथ असेल तर ती घेऊन बाहेर पडू नका. यातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो स्वतःला वाचवण्याबद्दल नाही, दुसऱ्याला वाचवण्याबद्दल आहे. हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क, ते तर माणसांनीच माफ करायचे असतात. तंबूत शेजारी झोपलेल्या परक्या देशातल्या म्हाताऱ्याची माफी आपण कुठे मागणार?

मागणे काय आहे

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती, आज ती किती वाढली हे लोकलचा डबा सांगतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, जिल्ह्याचे मुख्यालय विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड ओलांडून. एकीकडे मुंबई, एकीकडे पालघर, आणि मधला माणूस दोन्हीकडे हेलपाटे घालणारा.

माझे म्हणणे असे की महापालिकेने आठवड्यातून एक दिवस प्रवासी लसीकरण केंद्र चालवावे. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय किंवा नालासोपाऱ्याचे तुळींज रुग्णालय, यांपैकी कुठेही. मेनिंजायटिसची लस घाऊक दराने घ्यावी आणि त्याच दराने द्यावी. फुकट मागत नाही. पीतज्वराच्या केंद्राची मान्यता केंद्राकडे मागावी. २ ते ८ अंशांत लस ठेवण्याची साखळी पालिकेकडे बालकांच्या लसीकरणामुळे आहेच. कार्डाची नोंद संगणकावर असावी, म्हणजे शिक्क्याचा धंदा आपोआप मरेल.

यावर एक आक्षेप येईल: विमानाने जाणाऱ्यांसाठी पालिकेने का राबावे? मी विचारतो, विमानाने जाते कोण? आखातात जाणारा वेल्डर, वसईच्या ख्रिस्ती घरांतून जाणारी नर्स, बोटीवरचा खलाशी, जेरुसलेमच्या यात्रेला निघालेले वृद्ध दांपत्य, कर्ज काढून शिकायला जाणारी मुलगी, आणि भिशी फोडून उमऱ्याला निघालेली माझी अम्मी. यांत श्रीमंत कोण आहे ते दाखवा. आणि हे केंद्र एका धर्माचे नाही, डास आणि जिवाणू पासपोर्टवरचे नाव वाचत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आपल्या वस्त्यांत बालकांच्या लशी मागे असताना प्रवाशांचे लाड कशाला? २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराने मुले गेली. त्यांत आपली मुले मोठ्या संख्येने होती, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलांची लस आधी, यात मला शंका नाही. पण हे दोन विषय वेगळे नाहीत, हे मला अंधेरीच्या त्या रुग्णालयात कळले. अम्मीला सुई टोचल्यावर परिचारिकेने विचारले, "घरात लहान मुलं आहेत का? त्यांची कार्डं पूर्ण आहेत ना?" भावाने छाती फुगवून हो म्हटले. घरी येऊन कार्ड काढले तर माझ्या पुतणीचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला होता. दीड वर्षांची असताना द्यायचा होता, तेव्हा ताप होता म्हणून पुढे ढकलला आणि विसरला गेला. आजी उमऱ्याला निघाली म्हणून नातीचा डोस सापडला. ज्या घरात उमऱ्याची तयारी चालते तिथे सगळे नातेवाईक जमतात. त्या घराला विचारण्याची याहून चांगली वेळ कोणती?

महापालिकेकडे मागताना आपणही काही करायला हवे. मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर उमऱ्याच्या तारखांची घोषणा होते, तिथेच लशीची घोषणा व्हावी: निघण्याच्या दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा, १० दिवस आधीपर्यंत सुई घ्या. टूरवाल्यांनी पॅकेजच्या किमतीत लस धरावी आणि आपले प्रवासी एकत्र नेऊन टोचून आणावे. दहा-वीस जण एकत्र असले की जवळचा दवाखानाही लस मागवतो. आणि जो शिक्का मारून देतो त्या डॉक्टरला मोहल्ल्याने एकदा विचारावे, तुमच्या आईला असेच कार्ड द्याल का?

आमच्या टूरवाल्याला मी हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "भाईजान, तुम्ही जवळ केंद्र आणा, मी सगळ्यांना घेऊन येतो. अंधेरीला न्यायला मला नाही परवडत." त्याचे म्हणणे मी इथे नोंदवून ठेवतो. महापालिकेला अर्ज देताना त्याचीही सही घेणार आहे.

अम्मी जाऊन आली. झमझम आणि खजूर वाटताना तिने शेजारच्या बाईंना उमऱ्याची हकिकत सांगितली. त्या पुढच्या वर्षी जाणार आहेत. हकिकतीच्या शेवटी अम्मी म्हणाली, "आणि सुई खरीखुरी घ्या हं. दुखत नाही फार." तुमच्या घरातून कोणी निघणार असेल, तर एवढा निरोप त्यांनाही द्या.